एरोलच्या डाव्या हाताला

"मिस्टर पॅस्को, तुम्ही शेवाळ कुठून आणता?"

ब्रॉनीने विचारलं आणि फेरीबोटीच्या जुन्या धक्क्यावर रांगेत उभी असलेली पाचही माणसं गप्प झाली. पाण्यावर तरंगणारे त्यांच्या गळांचे तरंडे मात्र भरतीबरोबर पुलाच्या दिशेने सावकाश सरकतच राहिले. मर्व डन्स्टनने चहाचा कप तोंडापर्यंत नेला होता, तो तिथेच धरून ठेवला.

मागे कठड्यावर जसिंटा आणि शे एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. पैज त्यांचीच होती. "सगळ्यांसमोर विचारायचं, आणि पळून यायचं नाही," असं शे म्हणाली होती. ब्रॉनी पळणार नव्हतीच. मार्चमध्ये तिने शाळेच्या सभेत सातशे मुलांपुढे भाषण केलं होतं आणि ती बेशुद्ध पडली नव्हती. तेव्हापासून जगात विचारता येत नाही असं काही उरलंय, यावर तिचा विश्वासच नव्हता.

पण ते उरलेलं होतं, आणि ते याच धक्क्यावर होतं. या नदीवर माणसाला पगार विचारलेला चालतो, बायको का सोडून गेली तेही चहा पिता पिता विचारता येतं. शेवाळ कुठलं ते मात्र कुणी कुणाला विचारत नाही. इथे सगळे ज्याच्या मागे असतात तो ल्यूडरिक मासा शाकाहारी. कोळंबी, गांडूळ असलं काही तो हुंगतही नाही. त्याला लागतं केसासारखं बारीक, हिरवंगार शेवाळ, आणि तसं शेवाळ सगळ्या परगण्यात मोजक्या जागी उगवतं. सख्ख्या भावालाही कुणी ती जागा सांगत नाही.

एरोल पॅस्कोने मान वळवली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा वाळका माणूस, कानांवर ओढलेली लोकरीची टोपी.

"गळाला लावता येतं का तुला ते?"

"नाही."

"मग जागा कळून काय करशील? सॅलड?"

रांग हसली. ब्रॉनीही हसली, आणि तिथून हलली नाही. एरोलला बहुधा ते आवडलं. त्याने आपली गळाची लांबलचक काठी तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "मिस्टर पॅस्को इथे कुणी नाही. एरोल म्हण. आणि डाव्या पायावर भार टाक, नाहीतर पाण्यात जाशील."

अशी सुरुवात झाली. नेटबॉलचे सामने सुरू व्हायला तीन आठवडे होते, तोवर शनिवारची सकाळ तिची स्वतःची होती. जसिंटा आणि शे पहिल्या दिवशी तासाभरात कंटाळून चिप्स आणायला गेल्या आणि परत आल्या नाहीत.

मे म्हणजे इकडे हिवाळ्याचं तोंड, आणि ते पाणी अजब होतं. सकाळी नदीवर दुधासारखं धुकं असायचं, पलीकडची तिवरं त्यात बुडालेली, आणि एखादा पेलिकन धुक्यातूनच उमटल्यासारखा यायचा. समुद्र सहा किलोमीटर लांब होता, तरी भरती आली की नदी उलटी वाहायला लागायची, अगदी गुपचूप. त्या उलट्या पाण्यावर तरंड्याचं लाल टोक वाहत राहायचं. त्याच्याकडे बघता बघता ब्रॉनीला वाटायचं की तरंडा आपल्या जागीच आहे, आणि हा धक्का, ही माणसं, सगळं गावच हळूहळू कुठेतरी निघालंय.

मग तो बुडायचा. झटक्याने नाही, कुणीतरी खालून बोट धरून नेल्यासारखा, सावकाश. आणि ब्रॉनी काठी खसकन वर ओढायची. गळ रिकामा यायचा.

"घाई," एरोल म्हणायचा. "त्याचं तोंड केवढं, तुझ्या नखाएवढं. त्याला चावू तरी दे. तरंडा बुडाला की मनात काहीतरी म्हणायचं, आणि म्हणून झाल्यावर उचलायचं."

"काय म्हणायचं?"

"मी म्हणतो, 'डॉट, चहा झाला का?'"

डॉट म्हणजे त्याची बायको. ती जाऊन नऊ वर्षं झाली होती, हे मर्वने नंतर हळूच सांगितलं. मर्वने आणखीही सांगितलं. हा धक्का ज्या फेरीचा होता ती फेरी पूल होईपर्यंत एकतीस वर्षं एरोलनेच चालवली. या काठावरून गाड्या घ्यायच्या, त्या काठावर सोडायच्या. "दोनशे मीटर जायचं, दोनशे मीटर यायचं," मर्व म्हणाला. "हिशेबाने बघशील तर गडी दोनदा पृथ्वीला फेरा मारून आला असेल. पण परगण्याबाहेर म्हणशील तर एकदाच गेला, लग्नाच्या सहलीला, आणि तिथेही मासेच मारले."

दुसऱ्या शनिवारी ब्रॉनीने मनात "ब्रॉनवेन रूथ टॉलहर्स्ट" असं आपलं सगळं नाव म्हटलं, काठी उचलली, आणि काठी वाकली. पाण्याखाली काहीतरी जिवंत आणि हट्टी होतं, आणि ते थेट तिच्या कोपरापर्यंत पोचत होतं. वर आला तो काळसर, पट्ट्यापट्ट्यांचा, चांगला हातभर मासा. 

"बरा आहे," एरोल म्हणाला, आणि माशावरून अंगठा फिरवला, नुसता अंगठा, जणू तो हाताने वाचत होता.

तेव्हाच तिच्या लक्षात यायला हवं होतं. मर्व नेहमी एरोलच्या डाव्या हाताला उभा राहतो, मर्वला खोकला फार आहे, आणि मर्व खोकला की बरोबर 'डॉट, चहा झाला का' म्हणण्याइतक्या वेळाने एरोलची काठी उठते. पण ती आपल्याच तरंड्यात रमलेली होती.

तिसऱ्या शनिवारी मर्व सँडविच आणायला लंगडत गाडीकडे गेला. एरोलचा तरंडा बुडाला. ब्रॉनीने मनात त्याच्या वतीने चहा झाला का विचारलं. एरोल हलला नाही. तिने पुन्हा विचारलं. तो तसाच, समोर पाण्याकडे बघत उभा.

"अहो, बुडालाय की केव्हाचा," ती मोठ्याने म्हणाली. "दिसत नाही का तुम्हाला?"

धक्क्यावर पुन्हा तीच पहिल्या दिवसाची शांतता पसरली, फक्त या वेळी कठड्यावर हसायला कुणी नव्हतं. एरोलने काठी उचलली. गळ कधीच रिकामा झाला होता. त्याने गळाचं तंगूस गुंडाळलं, गोणपाटात ओलं शेवाळ बांधलं, सगळं अगदी नीट.

"वारा फिरला," तो म्हणाला. "आज पुरे."

वारा नव्हताच.

तो चढण चढून गेला तेव्हा मर्व दोन सँडविच घेऊन उभा होता. "बोललीस ना?"

"मला माहीत नव्हतं."

"कसं असणार. दोन हिवाळे झाले, मधलं सगळं पुसट झालंय त्याला. कडेकडेचं दिसतं, चालता येतं, पण तरंडा नाही दिसत. म्हणून मी खोकतो. त्याला वाटतं आपलं कुणाला कळलेलं नाही. आम्ही तसंच वाटू देतो." त्याने एक सँडविच तिच्या हातात कोंबलं, एरोलचं. "आता पुढच्या आठवड्यात माझ्या खुब्याचं ऑपरेशन. सगळा हिवाळा मी घरात. माझ्या जागी कोण खोकणार? तो टोकाला उभा असतो तो बहिरा आहे, आणि बाकीचे दोघं आपापसात भांडत असतात."

"मग एरोल काय करेल?"

"काही नाही. येणार नाही. कुणाला विचारणारही नाही."

ब्रॉनी सँडविच घेऊन धावली. एरोल दुग्धशाळेच्या वळणावर सापडला. धावताना तिने एक लांबलचक माफी तयार केली होती, सभेतल्या भाषणासारखी, पण त्याच्यासमोर उभं राहिल्यावर तिच्या तोंडून एवढंच निघालं, "मर्वने दिलंय. बीटरूटचं आहे."

त्याने घेतलं. थोडं चालल्यावर म्हणाला, "दोन वर्षं खोकला टिकतो का गं कुणाचा?"

"तुम्हाला माहितीये?"

"मग. मी म्हातारा आहे, खुळा नाही."

"मग सांगत का नाही त्याला?"

"इतक्या मनापासून खोकतो बिचारा." त्याने सँडविचचा घास घेतला. "चल. तू काहीतरी विचारलं होतंस मला."

ती जागा कुठली, ते ही गोष्टही सांगणार नाही. एवढंच, की बूट काढून चिखलातून जावं लागतं, आणि गोड्या पाण्याची एक धार दगडावरून सतत झिरपत असते. दुपारचं ऊन तिरपं पडलं होतं आणि त्या पाण्यात हिरवे केस मोकळे सोडल्यासारखं शेवाळ हलत होतं. मधेमधे मात्र तपकिरी, बुळबुळीत शेवाळही माजलं होतं, आणि ते माशांना चालत नाही. ब्रॉनी हरखून पुढे झाली आणि तिने एक झुबका मुळापासून ओढला.

"खुडायचं," एरोल म्हणाला. त्याने आवाजावरून ओळखलं होतं. "बोटभर मागे ठेवायचं. नाहीतर पुढच्या वर्षी येशील आणि नुसता दगड बघत बसशील."

पुढच्या वर्षी. तिने दुसरा झुबका नखाने खुडला.

तो गुडघे टेकून बसला आणि त्याने हात पुढे केला. बोटं पाण्यातून सावकाश सरकत तपकिरी झुबक्यावर जाऊन थांबली आणि चिमूट धरली.

ब्रॉनीने तोंड उघडलं, आणि मिटलं. मग ती हलकेच खोकली.

हात थांबला. मग बोटं चार इंच उजवीकडे सरकली, हिरव्यात शिरली, आणि खुडायला लागली. मागे बोटभर ठेवून.

ती घरी पोचली तेव्हा जेवणं चालू होती. गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला. फोनवर शेचा निरोप होता: 'मग? सांगितलं का म्हाताऱ्याने?' तिने उत्तर दिलं, 'सांगितलं,' आणि फोन उलटा ठेवला. टेबलाच्या टोकाला आईने नेटबॉल संघाचे धुतलेले झगे घडी करून ठेवले होते. संघाची प्रशिक्षक आईच होती. सगळ्यात वरचा झगा ब्रॉनीचा होता.

"पुढच्या शनिवारी साडेआठला मैदानावर," आई म्हणाली. "आणि ते पाय बाहेर धुऊन ये."

"मी या हिवाळ्यात खेळणार नाहीये, आई."

बाबांनी सॉसची बाटली खाली ठेवली. आईने आधी तिच्याकडे बघितलं, मग झग्याकडे.

"दोन वर्षं धडपडून संघात आलीस तू."

"हो. पुढच्या वर्षी पुन्हा धडपडेन. शनिवारी मी धक्क्यावर जाणार आहे. सप्टेंबरपर्यंत, दर शनिवारी. एरोल पॅस्कोच्या डाव्या हाताला उभं राहायला."

"आणि तिथे उभी राहून करणार काय तू?"

"खोकणार," ब्रॉनी म्हणाली, आणि पाय धुवायला बाहेर गेली.