मागच्या सीटखालचा वास

चहाचा ट्रे हातात घेऊन निता गॅरेजपुढं उभ्या गाडीपाशी आली आणि नेहमीसारखं म्हणाली, "मागं बसून पाहू का वं ताई जराशी? आमची रंजीता अशीच गाडी घ्यायचं म्हणून राह्यली."

रंजीता म्हणजे तिची लेक, पुण्याला दिलेली. तिच्या नवऱ्याकडे धड सायकल नव्हती, गाडी कुठली घेतेय! पण हे वाक्य निताच्या तोंडात असं बसलं होतं की आता ते खोटं आहे हेही तिच्या लक्षात राहत नसे. गाडीवाली बाई, धम्मदीपा तिचं नाव, कडुलिंबाखालच्या बाकावर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मान हलवली. निता आत बसली, दार ओढून घेतलं आणि छाती भरून श्वास घेतला.

पेट्रोल. पुढून येतंय की मागून? पंखा चालू होता, वास सगळीकडे फिरत होता. पुढून असावा असं वाटलं. ती उतरली आणि नवऱ्याचा चहा तिनं बॉनेटवर ठेवला.

राजपालनं तिरक्या नजरेनं कप कुठे आहे ते पाहिलं, तो उचलून घेतला आणि बॉनेट उघडलं.

शेलूबाजारला हायवेच्या कडेला राजपाल राठोडचं गॅरेज आहे. माणूस कामाला वाघ. पण करोनात त्याचं नाक गेलं. ताप उतरला, चव परत आली, वास काही आला नाही. आता ज्या मेकॅनिकला पेट्रोलचा वास येत नाही त्याच्याकडे गाडी कोण लावणार? दोन दिवस तो घरात तोंड लपवून बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं निताला शपथ घातली आणि ही चहाची युक्ती काढली. कप बॉनेटवर म्हणजे वास पुढून, डिक्कीवर म्हणजे मागून, आणि कप सरळ त्याच्या हातात दिला की वास नाही, गाडी सोडायला हरकत नाही. तांड्यावरच्या सख्ख्या भावालाही त्यानं हे कळू दिलं नाही. गिऱ्हाइकं म्हणत, राजपालची बायको मोठी पाव्हणचाराची आहे हो.

सुरुवातीला निताला गंमत वाटली. आपल्यावाचून नवऱ्याचं पान हलत नाही हे कोणत्या बाईला आवडत नाही? पण पुढे त्या गंमतीचा गळफास झाला. आईकडे इंझोरीला जायचं, तर सकाळी जाऊन दुपारच्या आत परत. वस्तीतल्या बाया देवीला गेल्या, ही मागे. शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकाला बोलावणं आलं, तेही गेलं. राजपालनं तिला कधी जाऊ नको म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ती भांडली असती, दोन दिवस चूल पेटवली नसती. तो फक्त म्हणायचा, एवढी गाडी होऊ दे, मग जाय. आणि हायवेवर गाड्यांना कुठे तोटा?

आता रंजीताचे दिवस भरले होते. पहिलटकरीण. बाळंतपणाला लेकीला माहेरी आणायची रीत, पण डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला, म्हणून आईनंच जायचं ठरलं. ठरून पंधरवडा झाला. त्या पंधरवड्यात तीन गाड्या वासाच्या आल्या. मेल्यांना हाच मुहूर्त सापडला, असं निता मनात म्हणाली. आज पहाटे लेकीचा फोन आला. सासू नाही, नणंद नाही, नवरा कंपनीत. रंजीता गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत, आईला हाक मारतात तसं "याडी" म्हणाली आणि नुसती रडली. कळा सुरू झाल्या होत्या, शेजारीण तिला दवाखान्यात नेत होती. निताला वाटलं, पंख असते तर उडून गेले असते. दुपारच्या पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये तिनं जागा सांगून ठेवली. राजपालही म्हणाला, हो, आज जायच तू. आणि तासाभरात ही गाडी येऊन उभी राहिली.

गाडी धम्मदीपाचा नवरा जगदेव चालवत होता. कारंज्याचा बियाण्याचा दुकानदार, गरीब स्वभावाचा माणूस. मेहकरला मेहुण्याकडे निघाले होते. निघताना टाकी फुल्ल केली आणि तेव्हापासून वास सुरू झाला. बाळ दोनदा ओकलं, बायकोचं डोकं उठलं.

राजपालला पुढे इंजिनाजवळ पेट्रोलच्या पाइपाच्या जोडाला ओल सापडली. त्यानं तिथली रबरी रिंग बदलली, हात पुसले आणि निताला पाणी आणायला सांगितलं. म्हणजे पुन्हा वास घ्यायला.

आता ट्रॅव्हल्स यायची वेळ झाली होती. निता पाण्याचा पेला घेऊन मागच्या सीटवर बसली. दार लावलं. या खेपेला पंखा बंद होता. आणि वास सीटच्या खालून, अगदी तिच्या मांडीखालून आला. जुना मुरलेला नव्हे. जुना वास कपड्यात बसतो, तिला तो ओळखू येई. हा ताजा होता, डोळ्यांत झोंबणारा, घशाशी गोडसर लागणारा.

ती बसून राहिली. पेला डिक्कीवर ठेवला की सीट निघणार, पत्रा निघणार, दोन तास गेले. ट्रॅव्हल्स गेली. रंजीता तिकडे एकटी. कोण कुठली ही माणसं, आपल्या लेकीपुढं त्यांचं काय? मेहकर काही फार लांब नाही. काचा उघड्या ठेवून जातील.

ती उतरली आणि पेला तिनं सरळ राजपालच्या हातात दिला.

"झालं काम," राजपाल म्हणाला. "जा आता बिनधास्त."

जगदेवनं त्याचे आभार मानले. निता पिशवी आणायला घरात वळलीसुद्धा. पण तिची नजर मागे गेली. धम्मदीपानं मागच्या सीटवर दुपटं अंथरलं, बाळाला त्यावर निजवलं आणि ऊन लागू नये म्हणून काचा वर केल्या. बाळाचं तोंड बरोबर त्या जागेवर होतं.

 आपण काय करून बसलो! निता पळतच आली आणि तिनं दार उघडलं.

"उतरा ताई. लेकराले घ्या. वास हाय अजून, सीटच्या खालून येऊन राह्यला."

राजपाल हसला. तो हसला, पण त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "अवं, तो जुना वास हाय. दोन दिवसात उडून जाते."

जगदेव दोघांकडे आळीपाळीनं बघू लागला. मग राजपालला म्हणाला, "भाऊ, मले तर सकाळपासून वास घेऊ घेऊ काईच समजून नाही राह्यलं. तुमीच एकडाव डोकं घालून पाहा ना."

राजपालनं डोकं आत घातलं. मोठा श्वास घेतला, अगदी मन लावून, वास येणारा माणूस घेतो तसा. मग बाहेर येऊन त्यानं निताकडे पाहिलं. तिनं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. झाकली मूठ तशीच राहिली असती, आणि निताही दारातच राहिली असती, पुढच्या गाडीसाठी, त्याच्या पुढच्या गाडीसाठी.

"त्यायले नका इचारू, दादा," ती म्हणाली. "त्यायले वास येत नाही. करोनापासून. मीच घेतो वास."

 जगदेव उगाच चावी चाचपू लागला. राजपालनं नाही म्हटलं नाही, की बायकोवर ओरडला नाही. त्यानं पाना उचलला आणि मागची सीट काढायला घेतली.

सीटखाली टाकीवरचा पत्रा होता. तो काढला तर पंपाच्या झाकणाभोवतीचं रबर तडकलेलं, आणि फुल्ल टाकीतलं पेट्रोल तिथून पाझरून वर आलेलं. त्यानं थोडं पेट्रोल कॅनमध्ये काढून घेतलं, फडक्यानं सगळं कोरडं केलं, शेजारच्या दुकानातून नवं रबर आणून बसवलं आणि चारही दारं उघडी टाकून वारं खेळू दिलं. हे चालू असताना पुण्याची ट्रॅव्हल्स आली, थांबली, हॉर्न देत राहिली. निता तिकडे जाऊ शकली असती. पण आपण नवऱ्याला चारचौघांत उघडं पाडलं आणि वर ट्रॅव्हल्समध्ये जाऊन बसायचं, हे तिला जमेना. ट्रॅव्हल्स निघून गेली.

सीट बसवून झाल्यावर राजपाल उभा राहिला. निता सवयीनं पुढे झाली. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. तो धम्मदीपाला म्हणाला, "ताई, तुमी बसा. काचा लावा अन् मले सांगा. मले वास येत नाही."

धम्मदीपा बसली. काचा लावल्या, थोड्या वेळानं खाली केल्या आणि म्हणाली, "नाही येत भाऊ. अजिबात नाही."

संपलं. एवढंच तर होतं! गिऱ्हाइकालाही नाक असतं, हे चार वर्षांत दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. निताला इतका संताप आला की बाकावरचा चहाचा ट्रे उचलून रस्त्यावर भिरकावावा. आणि त्याच दमात नवऱ्याची इतकी दया आली की तिला त्याच्याकडे बघवेना.

"जाय तू," राजपाल गोरमाटीत म्हणाला. "मेहकरवरून भेटते गाडी."

मेहकरचं नाव ऐकून जगदेव लगेच म्हणाला की बसा ना मावशी, आमी तिकडंच चाललो. निता पिशवी घेऊन आली. राजपालनं दार उघडून धरलं, ती बसल्यावर लावून घेतलं.  धम्मदीपानं बाळ तिच्या मांडीवर दिलं. त्याच्या अंगाला दुधाचा आणि तेलाचा वास होता, दुसरा कसलाच नाही.

गाडी हायवेला लागली तेव्हा निताला राहवलं नाही, तिनं मागच्या काचेतून पाहिलं. गॅरेजपुढं राजपाल एकटा उभा होता. पेट्रोलनं भिजलेलं ते फडकं त्यानं नाकाला लावलं होतं. त्यानं ते खाली घेतलं, घडी उलटी केली आणि पुन्हा नाकाला लावलं.