खोळी होता होता राहिलो

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. दाराखिडकीचा नव्हे. दरवर्षी लघुपट महोत्सवात उघड्या मैदानावर उभा राहणारा, बारा हात उंच, पांढरा सुती पडदा. हे आधीच सांगितलेलं बरं. परवा एकाने मला पाहून विचारलं, "हे मंडपाचं कापड का?" मी त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला. त्याला ते कळलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मला शिवलं शिलाईवाल्या मावशींनी. मी इतका लांब होतो की माझं एक टोक त्यांच्या यंत्राखाली आणि दुसरं शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात होतं. शेजारी समजूतदार होते. चहाचा एकच डाग पडला.

नऊ वर्षं मी लघुपट दाखवले. माझं कापड पातळ, त्यामुळे चित्र मागूनही दिसे, फक्त उलटं. पुढे गर्दी होई म्हणून एक आजोबा नेहमी मागेच खुर्ची टाकत. त्यांनी नऊ वर्षांचे सगळे लघुपट मागून पाहिले. जगातले बहुतेक नट डावखुरे असतात, असं त्यांचं ठाम मत आहे.

मग ती आली. एलईडीची भिंत. माझ्याच मापाची. खोटं कशाला बोलू, तिला पाहून माझा नुसता जळफळाट झाला. मला अंधार पडेपर्यंत ताटकळावं लागे. ही भर दुपारी झगमगते. लोक तिच्यासोबत फोटो काढत. तेही ती बंद असताना. मी नऊ वर्षं बंद असताना उभा होतो, माझ्यासोबत कुणी काढला नाही.

महोत्सवाच्या व्यवस्थापकांनी मावशींना बोलावलं. "हा पडदा कापून खुर्च्यांना खोळी शिवा. चाळीस तरी निघतील."

"मी शिवलाय हो तो," मावशी म्हणाल्या.

"मग तुम्हाला शिवण ठाऊक आहे. कापायला सोपं जाईल."

मावशींनी निळा खडू घेतला आणि माझ्या अंगभर चाळीस खुर्च्या आखल्या. मग कमरेला लटकणारी कात्री पदराखाली सरकवत म्हणाल्या, "कात्री घरी राहिली बघा. उद्या कापते."

म्हणजे माझ्या हातात एक दिवस होता. तोही कसा गेला, ऐका. दुपारी वारा सुटला, धूळ उडाली. भिंतीला धूळ सोसत नाही, नाजूक ना बाईसाहेब. तिला झाकायला मिळेल ते कापड आणा म्हणाले, आणि मला आणलं. जिच्यापायी माझ्या खोळी होणार होत्या, तिचीच खोळ मी झालो.

संध्याकाळी डिजिटल कलेचा कार्यक्रम होता. मला काढायला सगळेच विसरले. यंत्र चालवणाऱ्या काकांना वाटलं व्यवस्थापक काढतील, व्यवस्थापकांना वाटलं काका. भिंत सुरू झाली आणि तिचा सगळा उजेड माझ्यातून बाहेर आला. एक मोठा हात संथ पाण्यावर रंग सोडत होता.

"साहेब, धूसर दिसतंय," काका कुजबुजले.

"कला आहे ती. स्पष्ट दिसली तर लोकांना शंका येईल."

"आणि त्या खुर्च्या? निळ्या रेघांच्या?"

व्यवस्थापकांनी डोळे बारीक करून पाहिलं. "त्याही कलाच. मोजत बसू नका."

फोटो काढणाऱ्यांनी फोन खाली ठेवले होते. भिंतीच्या मागून काहीच दिसेना म्हणून आजोबा कुरकुरत पहिल्यांदाच पुढे आले. बराच वेळ पाहून म्हणाले, "हात उजवा कसा काय?"

तेवढ्यात ते चित्र बनवणारी चित्रकार पोचली. तिने सरळ विचारलं, "माझ्या चित्रावर हे काय घातलंय?"

व्यवस्थापकांचा चेहरा माझ्याहून पांढरा पडला. "काढतो, आत्ता काढतो."

"थांबा." ती जवळ आली. "नुसत्या भिंतीवर दिव्यांचे ठिपके डोळ्यांत टोचतात. आज पाणी पाण्यासारखं दिसतंय. खुर्च्या कुणी काढल्या?"

"मी," मावशी मागून म्हणाल्या. "माप घेतलं होतं."

"पुसू नका. पाण्यावर बसायला कुणीतरी येणार आहे असं वाटतंय."

दुसऱ्या दिवशी मावशी हजर झाल्या. "कात्री आणलीये. कापू?"

"कसली कात्री?" व्यवस्थापक म्हणाले. "परत घरी विसरून या."

तेव्हापासून डिजिटल कला असली की मला भिंतीपुढे टांगतात. लघुपटांना मात्र ती एकटीच मिरवते, आणि मी घडीत पडून जळतो. टाळ्या आपल्यासाठीच आहेत असं तिला वाटतं. वाटू दे. मी तिच्या पुढे असतो, टाळ्या आधी माझ्यापर्यंत पोचतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू कोपऱ्यात पडली असेल. ती मोडीत काढण्याआधी एकदा तिच्यामागे दिवा लावून बघा. आणि अगदी कापायचीच ठरली, तर निदान कात्री उद्या आणा.