बोटांची साक्ष

चाळीस वर्षं माग चालवलेल्या माणसाला साडी हातमागाची की पॉवरलूमची हे विचारणं म्हणजे हलवायाला पेढा गोड आहे का असं विचारणं. माझ्या बायकोनं, गोदूनं, मला ते विचारलं आणि मी तिच्या तोंडावर खोटं बोललो. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

आमच्या लेकीचं, हर्षाचं लग्न ठरलं होतं. गोदूनं इतवारी बाजारातल्या एका मोठ्या दुकानातून स्वतःसाठी करवतकाठी, म्हणजे काठाला करवतीसारखे दात असलेली साडी आणली. मी जन्मभर करवतकाठीच विणली, पण मागावरून उतरलेली प्रत्येक साडी शेटच्या दुकानात गेली. घरात एकही राहिली नाही. गोदूनं नायलॉनच्या साड्यांत संसार केला आणि कधी चकार शब्द काढला नाही. मला त्याची लाज वाटायची. आजही वाटते.

दुकानदारानं बिलावर ठळक अक्षरांत लिहून दिलं होतं, 'शुद्ध हातमाग, करवतकाठी'. वर म्हणाला होता, घरी दाखवा, पसंत नसेल तर आठ दिवसांत परत आणा. गोदू साडी खांद्यावर टाकून आरशासमोर उभी राहिली.

"पाहा बरं जी, हातमागाचीच आहे ना?"

मी काठावरून बोटं फिरवली. करवतीचे दात हातमागावर विणताना काठाचा धागा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकवावे लागतात, म्हणून साडी उलटीकडूनही तेवढीच साफ लागते. इथे उलट्या बाजूला कापलेल्या धाग्यांची टोकं बोटांना लागत होती. दात तर इतके एकसारखे, की माणसाच्या हातून ते व्हायचंच नाही. मी बोलायला तोंड उघडलं आणि आरशात गोदूचा चेहरा दिसला. साठीला टेकलेली बाई चक्क लाजत होती.

"अस्सल आहे वं," मी म्हणालो. "मायाच मागावरची वाटते."

लग्नात गोदू ती साडी नेसून अशी मिरवली, की नवरीकडे कोणी पाहीना. मीही खूश होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उघडली. सिंधूताई आमच्याच मोहल्ल्यातली, तीही विणकराची बायको. तिनं गोदूचा पदर उलटा करून पाहिला आणि दहा बायांसमोर म्हणाली, "गोदे, हे तं पॉवरलूम आहे वं! अन् तेबी विणकराच्या घरात?"

गोदू घरी आली. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण तिनं मला एका अक्षरानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी एकटीच दुकानात गेली. तिथे भाबडेपणानं सांगून बसली, की आमच्या ह्यांनीही साडी पाहिली होती, तेही फसले. तिला पैसे नको होते. ही साडी हातमागाची नाही, एवढं कागदावर लिहून दे, इतकंच मागत होती. दुकानदार हसला. म्हणाला, साडी नेसून झाली, आठ दिवस केव्हाच सरले, आणि घरात जाणकार माणूस असताना माझ्याकडे कशाला येता?

ते हसणं तिला झोंबलं. हर्षा रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात काउंटरवर बसते, कागदपत्रांत हुशार आहे. तिनं आईच्या नावानं ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. वकील लावायची सक्ती नसते, बिल होतंच. मी मात्र घरात चोरासारखा वावरत होतो. दहा वेळा खरं सांगायचं ठरवलं आणि दहा वेळा चहा पिऊन उठलो.

मग दुकानाच्या वकिलाचं लेखी उत्तर आलं. तक्रारदाराचे पती स्वतः विणकर असून त्यांनी साडी तपासून पसंत केली होती, सबब फसवणूक झालेली नाही. हर्षानं मला बजावलं, "बाबा, तुम्ही तिथं काहीच बोलू नका. तुमच्या तोंडून एक शब्द इकडचा तिकडं गेला तं आईची केस गेली समजा."

सुनावणीला आयोगाच्या अध्यक्ष एक बाई होत्या. वकिलानं गोदूला विचारलं, "तुमचे पती चाळीस वर्षं विणकर. त्यांनी साडी हातात घेतली. मग त्यांना कसं कळलं नाही?"

गोदूनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "त्याईच्या बोटाईले आता समजत नाही, साहेब. वय झालं. त्याईचा काही दोष नाही."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मला म्हातारा म्हण, आळशी म्हण, पण बोटं? मी ताडकन उभा राहिलो. हर्षानं सदरा धरून ओढला, पण मी काही बसलो नाही.

"बाई, मले पहिल्याच दिवशी समजलं होतं! डोळ्याले पट्टी बांधा अन् साड्या द्या हातात, आत्ताबी सांगतो."

वकिलाला हसू आवरेना. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"कसं सांगू? ती आरशासमोर उभी होती. जिंदगीभर लोकाईसाठी विणलं, तिले एक साडी नाही देली. त्या दिवशी ती खुश होती, बाई. माया तोंडातून निघालंच नाही."

"पाहा मॅडम," वकील घाईनं म्हणाला, "घरच्यांना माहीत असूनही..."

बाईंनी त्याला थांबवलं. "बिलावर हातमाग कोणी लिहिलं? यांनी, की तुमच्या पक्षकारानं? दुकानदार खोटं बोलला का, ते आम्ही पाहू. नवरा खोटं बोलला, ते आमच्या कक्षेत येत नाही."

साडी तपासणीला पाठवायचा आदेश झाला. पुढे अहवाल आला आणि गोदूला हवा तो कागदही दुकानदाराच्या सहीनिशी मिळाला. पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवशीचं, बाहेर आल्यानंतरचं.

गोदू आवारातल्या बाकावर बसली. मी समोर उभा राहून म्हणालो, "चुकलं वं माहं. खोटं बोललो."

तिनं माझा हात ओढून घेतला आणि एकेक बोट दाबून पाहू लागली.

"म्हणजे समजते याईले?"

"समजते."

"सगळं?"

"सगळं समजते. काहून?"

ती घळाघळा रडायला लागली. हर्षा घाबरून पाणी आणायला धावली.

"मी साडीसाठी नाही रडून राहिली जी," गोदू म्हणाली. "संक्रांतीपासून मले वाटून राहिलं होतं का तुमचे हात गेले. अन् तुमाले अजून मालूमच नाही. कसं सांगू तुमाले, म्हणून चुप होती."

मी तिच्याजवळ बसलो आणि तिचा हात हातात घेतला, भर दुपारी, सगळ्या वकिलांच्या देखत.