वेशीच्या आतलं पाणी

त्या दिवशी गेनबा पाणाड्याच्या तळहातावर आडवा ठेवलेला नारळ घरातच उभा राहिला. गेनबा तर खाटेवरून उठलाही नव्हता. शेंडी वर करून नारळ ताठ उभा. पडायचं नाव नाही.

असाच नारळ घेऊन त्यानं जन्मभर लोकांना विहिरीच्या जागा दाखवलेल्या; नारळ उभा राहील तिथं पाणी. त्यामुळं सरपंच सर्जेराव अण्णा स्वतः आले, खाटेखाली चुन्याची फक्की मारली, खोदायला लावलं. कोरडा मुरूम. खाट ओसरीवर घेतली, नारळ तिथंही उभा. खाली मुरूमच. परसात तेच. विद्या फिरली का जमीन फिरली, गेनबाला काही कळेना. तोंडात लोखंडाची चव, अंगभर खाज. सकाळपासून तो बायकोला आई म्हणत होता.

बायकोनं, हौसानं, त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला. भरून आलाच नाही.

"पाणी जमिनीत न्हाई," ती म्हणाली. "ह्यांच्यात हाय."

मग तिनं सगळ्यांदेखत डॉक्टरांचं सांगणं सांगितलं. दोन्ही किडन्या थकल्यात, पाणी अंगातच साठतंय. तालुक्याला नेऊन मशीनवर काढावं लागंल, नाहीतर माणूस हाती लागायचा नाही. भावाचा टेम्पो तिनं सांगूनच ठेवला होता.

टेम्पो आला, गेनबाची खाट वेशीपर्यंत नेली, तर वेशीत बैलगाडी आडवी. अण्णा अगदी गोडीत बोलले.

"वहिनी, माणूस न्या की. गावचं पाणी तेवढं वेशीबाहेर जाऊ द्यायचं न्हाई."

"मग काढा हितंच," हौसा म्हणाली. "पर बिगी काढा. त्यास्नी दम लागतोय."

गेनबाला दोघांचंही पटलं. घोटभर पाणी मिळंल का, असं त्यानं विचारलं. कुणी ऐकलं नाही.

तोवर नडगीतला खड्डा विहिरीएवढा झाला होता. बायका घागरी घेऊन रांगेला लागल्या. कुणीतरी आत खडा टाकला. आवाज आला नाही. बादली सोडली. दोर संपला, दुसरा जोडला, तोही संपला, तरी बादली कोरडीच. आता कुणालातरी आत उतरावं लागणार होतं, आणि गावाची रीत अशी की ज्यानं पाणी दाखवलं त्यानंच आधी उतरायचं.

सगळे गेनबाकडं बघायला लागले.

"लवकर या," हौसा म्हणाली. "गाडी चालूच ठिवलीया."

त्यानं दोर धरला, दुसरा पाय उचलला आणि स्वतःच्या नडगीत उतरला. आत गार होतं. बरं वाटलं. खाली कुठंतरी टेम्पोचं इंजिन घरघरत होतं. खाली कसं, ते त्याला कळेना. त्यानं वर बघितलं. वर ताटाएवढा उजेड, त्यात हौसाचं तोंड. तिच्या गालाशेजारी एक घागर आली. मग दुसरी. मग चारी बाजूंनी.