सिसिफसचा तिसरा दिवस

ऑलिव्हची बी जिभेवर घोळवत तो उंबऱ्यावर बसला होता. गर केव्हाच संपला होता, पण बीला खारट, किंचित कडू चव अजून चिकटून होती आणि ती सोडवत नव्हती. पाताळात चव नव्हती. अंधाराचं त्याला काही वाटलं नव्हतं, सावल्यांचंही नाही. पण तिथल्या हवेला वास नव्हता, आणि एखादा विनोद सांगावा तर हसायला कुणाकडे पोटच नव्हतं... आज तिसरा दिवस. पाताळाच्या राणीला, पर्सेफोनीला, त्याने तीनच दिवसांचा शब्द दिला होता.

मी — आणि परत जाणार? सिसिफस स्वतःशीच हसला आणि त्याने बी अंगणातल्या बकरीच्या दिशेने फुंकली.

किती सोपं गेलं होतं सगळं! राणीपुढे गुडघे टेकून त्याने गळा काढला होता: बाईसाहेब, माझ्या बायकोने माझं प्रेत चौकात टाकून दिलं, मूठभर मातीसुद्धा घातली नाही, तीन दिवस वर सोडा, त्या निर्लज्ज बाईला धडा शिकवतो आणि येतो. राणीचे डोळे भरून आले होते. आणि मरण्याच्या आदल्या दिवशी, मला पुरू नकोस, चौकात टाक, असं बायकोच्या, मेरोपीच्या, कानात त्यानेच सांगितलं होतं. त्याआधी मृत्यू स्वतः न्यायला आला तेव्हा 'ही बेडी घालतात कशी, दाखवा तरी' असं म्हणत मृत्यूलाच अडकवून ठेवलं होतं. दोनदा फसवलं. तिसऱ्यांदाही सुचेलच काहीतरी...

"जाणार आहेस?" मेरोपी मागे उभी होती. ती देवकुळातली, राजा असला तरी नवऱ्याला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करणारी.

"कुठे?"

"सोंग नको करूस."

"बायकोला धडा शिकवायचाय ना अजून. फार हट्टी आहे. तीस वर्षं तरी लागतील."

ती हसली, पण ओठांपुरतीच. तिच्या कमरेवर रिकामी घागर होती.

"तू कशाला? दासी काय करतात?"

"माझ्या हाताखाली काम करायला लाज वाटते त्यांना. नऊ दिवस मीच आणतेय."

तिने ते सहज सांगितलं — मीठ संपलंय म्हणून सांगावं तसं. त्याने तिच्याकडून घागर काढून घेतली, स्वतःच्या खांद्यावर ठेवली आणि दोघं टेकडी चढू लागली.

वरचा झरा त्याचाच. गाव तहानेने करपत होतं तेव्हा असोपस हा नदीचा देव हरवलेल्या मुलीला शोधत फिरत होता, आणि तिला देवांचा राजा असलेल्या झ्यूसने पळवलेलं सिसिफसने पाहिलं होतं. आधी आमच्या टेकडीवर पाणी दे, मग सांगतो... एका बापाला त्याच्या मुलीचा पत्ता सांगितला, एवढाच गुन्हा. झ्यूसचा राग तेव्हापासूनचा. पण पाणी काय गार होतं! त्या एका गोष्टीचा त्याला कधीच पश्चात्ताप झाला नव्हता.

परत आल्यापासून तो पहिल्यांदाच घराबाहेर पडला होता; त्याला पाहून झऱ्यावरच्या बाया आनंदाने ओरडल्या. मग मागून येणारी मेरोपी दिसली आणि एकेक घागर बाजूला सरकली, जणू तिचा पदर लागला तर पाणी बाटेल.

"आलास रे बाबा!" फिलिन्ना म्हातारीने हातातलं धुणं आपटलं. लहानपणी तिनेच त्याला न्हाऊ घातलं होतं. "हिने तुला कावळ्यांपुढे टाकलं, आणि तू हिची घागर वाहतोस? मेल्यावर अक्कल खालीच राहिली वाटतं!"

सगळ्या हसल्या. त्यालाही हसू आलं, उत्तर जिभेवर आलंही... आणि त्याचं लक्ष मेरोपीकडे गेलं. ती पाण्याकडे पाहत होती. नऊ दिवस अशीच उभी राहिली असेल. मी खाली राणीला रडवत होतो तेव्हा, 'निर्लज्ज बाई' म्हणत होतो तेव्हाही, ही इथे अशीच... एखादी थाप मारावी. ती आजारी होती म्हणावं, किंवा शुद्धीत नव्हती. त्याने थापा भराभर तपासल्या. प्रत्येकीत थोडा तरी दोष तिच्यावर उरत होता. आणि खरं सांगून टाकलं, तर ते संध्याकाळच्या आत पाताळात पोहोचणार.

"गप्प बस," मेरोपी त्याच्याकडे न पाहता पुटपुटली. "मला सवय झालीय."



"मीच सांगितलं होतं तिला," तो मोठ्याने म्हणाला. "ती नाही म्हणत होती, रडत होती. मी शपथ घातली, म्हणून टाकलं तिने मला चौकात."



"म्हणजे... खालच्या राणीला तू..." फिलिन्नाने विचारलं.

"फसवलं."

म्हातारीने त्याच्या पाठीत ओलं धुणं सपकन हाणलं, आणि मग ती हसत सुटली, दात नसलेलं तोंड उघडं टाकून. "आंघोळीच्या वेळी असाच निसटायचास, मेल्या!" हसता हसताच तिने डोळे पुसले, त्याच्या खांद्यावरची घागर ओढून घेतली आणि सगळ्यांच्या आधी धारेखाली धरली. "ये गं पोरी. तू आधी भर. आम्ही मेल्या आंधळ्या."

एका बाईने मेरोपीला जागा करून दिली. दुसरीने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

उतरताना मेरोपी म्हणाली, "मूर्ख आहेस. आता देव आले तर काय थाप मारशील?"

त्याने मनात शोधलं. तिथे नेहमी दोन-तीन तयार असायच्या. एकही नव्हती — आणि गंमत म्हणजे भीतीही नव्हती. खांद्यावरची घागर हिंदकळत होती, पाणी मानेवरून पाठीवर ओघळत होतं, आणि त्याला उगाचच हसू फुटत होतं.

"ते जाऊ दे," तो म्हणाला. "ते नऊ दिवस कसे काढलेस, सांग."

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं, थट्टा तर नाही ना हे पारखून घेतलं. मग ती सांगू लागली — पहिल्या दिवसापासून, सावकाश, मधूनच चिडत, मधूनच स्वतःशीच हसत... आणि दुसरं कुणी बोलत असताना आजवर कायम आपलं पुढचं वाक्य जुळवत आलेला सिसिफस नुसता ऐकत राहिला. पुढचं वाक्य त्याच्याकडे नव्हतं, आणि ते शोधायची त्याला घाईही नव्हती.