दोन कंदीलमुशी आणि सासरे

सुनेने चिमट्याने पिल्लू उचललं, स्पिरिट निथळू दिलं आणि ते भिंगाखाली ठेवलं. मग टेबलापलीकडे पाहिलं. सासरे चहा ढवळत होते. साखर कधीच विरघळली होती.

संग्रहालयातली ही माशांची खोली आधी त्यांची होती, आता तिची. निवृत्तीनंतरही ते रोज यायचे, एका वादापायी. खोल समुद्रात पोटाशी उजेड बाळगणाऱ्या, वीतभर लांबीच्या दोन कंदीलमुशी, म्हणजे छोटे शार्कच, दोन बरण्यांत होत्या. एकीच्या कातडीवर बारीक काटे ओळीने, दुसरीच्या विखुरलेले. सून म्हणायची, प्रजाती दोन. सासरे म्हणायचे, एकच. विखुरलेली ती पोर, वयात आली की काटे ओळीला लागतात. सासूबाई गेल्यापासून घरात ते गप्पच असत. इथे मात्र तोंडाला खळ नसे.

"बोला सूनबाई, आज कुठला किल्ला लढवताय?"

"ओळीवालीचं पोट उघडलं, बाबा. आत हे होतं."

तिचा आवाज खाली गेला. वाद मिटला तर उद्या बाबा कशाला जिने चढतील?

ते भिंगावर वाकले ते बराच वेळ उठेचनात. जन्मालाही न आलेल्या त्या पिल्लाच्या पाठीवर काटे रांगेत उभे होते, शाळेच्या प्रार्थनेला मुलं उभी राहतात तसे.

"मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे," ते म्हणाले. "या बयेला पाळण्यापर्यंतही दम निघाला नाही!" आणि असे खो-खो हसले की चष्मा नाकावरून घसरला. "दोन तर दोन. हरलो बाई. लिही खुशाल."

तीही हसली. पण ते उठले तशी तिची नजर खुंटीवरच्या त्यांच्या छत्रीकडे गेली.

सासरे छत्रीपाशी थांबलेच नाहीत. मागच्या कपाटात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी धुळीने माखलेली तिसरी बरणी काढली.

"आणि ही? मी म्हणतो, ही दोघींहून वेगळी."

तिने मुशी भिंगाखाली घेतली. काटे ना धड ओळीत, ना धड विखुरलेले. तिने मान वर केली. सासरे बाह्या सारून केव्हाच समोर बसले होते.

"काहीतरीच काय, बाबा! ही तर सरळसरळ ओळीवालीच."

"सरळसरळ?" त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आधी डोळे तपासून घे!"