बाटलीतली आल

रिसोडच्या बाजारात विलायती रंगाच्या पुड्या आल्या आणि आमच्या गावच्या आलीला कुणी विचारेना. आल म्हणजे मुळीतून लाल रंग देणारं झाड. खारव्याचं जाड कापड पूर्वी तिनंच रंगायचं. लोकांनी शहाणपणानं आल खणून काढली आणि कपाशी लावली. माझ्या सासऱ्यांनी, उकंडराव मामाजींनी, तेवढा एक वाफा राखला. गावानं त्यांना वेड्यात काढलं. ते म्हणायचे, माझा मारोती रंगाचं शास्त्र शिकतो आहे, तो आलीला मरू देणार नाही.

मारोती म्हणजे आमचे हे. हे बंगळूरला रसायनं ढवळत होते आणि मी इथं भाकरी थापत होते. दर हिवाळ्यात मामाजी मुळ्यांचं पोतं बैलगाडीनं अकोल्याला नेत आणि तिथून रेल्वेनं पाठवत. हे त्यातून लाल रंग वेगळा काढत आणि तो कशाकशाचा बनला आहे याचा थांग लावत. थांग लागला, तेव्हा तोच रंग डांबरातल्या द्रव्यांपासून आपल्या हातानं बनवायचा ध्यास घेतला. तारुण्य त्यातच गेलं. घरी यायचे ते पिवळी बोटं आणि खोकला घेऊन. मूलबाळ झालं नाही. ते कुठून होणार?

मामाजींना ह्यांनी कितीदा समजावलं. पण जन्मभर रोपं लावलेल्या माणसाला झाडाशिवाय रंग ही गोष्ट पटेना. शेवटी त्यांनी आपली आपणच समजूत करून घेतली आणि पारावर सांगत सुटले, "माहा पोरगा बाटलीत आल रुजवून राह्यला." लोक तोंडावर हो म्हणत आणि मागे हसत. मला हसणाऱ्यांचा राग यायचा, आणि त्याहून जास्त ह्यांचा.

आमच्याकडे आलीची एक रीत होती. मुळ्यांसाठी वाफा खणला तरी कडेची चार झाडं बियासाठी उभी ठेवायची. नवी रोपं कुठंही धरली, मग सोयऱ्याच्या शेतात का असेना, की ती जुनी झाडं मुळासकट काढायची. नाहीतर जुनं नव्याला खातं, असं म्हणत.

त्या माघात ह्यांचा निरोप आला: रंग बनला, आता पोती पाठवू नका. बाटलीत आल रुजली म्हणत मामाजींनी घरोघर गूळ वाटला आणि सकाळी कुदळ उचलली. ह्यांना येऊ तर द्या, असं मी विनवलं. पण रीत ती रीत. चारही झाडं निघाली.

हे आले ते शिमग्याच्या तोंडावर. मामाजींनी वाफा खत घालून, भिजवून ठेवला होता. ह्यांची पेटी उतरते न उतरते तोच त्यांनी रोपं मागितली. ह्यांनी खिशातून बोटाएवढी कुपी काढली. तळाशी सुयांसारखे बारीक लाल स्फटिक होते, चिमूटभर. सगळ्या आयुष्याचं तेवढंच काय ते हाती लागलं होतं. बापाला दाखवून मग ती बंगळूरच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या साहेबांपुढे ठेवायची होती.

मामाजींनी कुपी उन्हात धरली. ह्यांची नजर वाफ्याकडे गेली, कडेचे चार खड्डे दिसले आणि चेहरा उतरला.

"हे पेरता येते काय?" मामाजींनी विचारलं.

ह्यांना खोटं कधी जमलं नव्हतं. तरी म्हणाले, "पेरून पाहा, आबा."

बारीक बियाणं कालवतात तशी मामाजींनी ती पूड राखेत कालवली आणि वाफ्यात टाकली. पाणी दिलं तेव्हा थोडी लाली दिसली, मग मातीनं पिऊन घेतली. मी रात्री भांडले. पुन्हा बनवता येईल, असं ह्यांनी मला सांगितलं आणि रिकामी कुपी घेऊन बंगळूरला गेले. खोकल्यानं तेवढी सवड दिली नाही. आषाढात तार आली.

पुढच्या उन्हाळ्यातही मामाजी त्या वाफ्याला पाणी घालत होते. विहीर तळाला गेली होती, प्यायला पाणी नव्हतं. एके दिवशी माझा धीर सुटला. मी त्यांच्या हातातली घागर ओढली आणि सांगितलं की त्यात काही उगवणार नाही, कधीच उगवणार नव्हतं.

त्यांनी घागर सोडली नाही.

"मले समजते, बाई," ते म्हणाले. "तवाच समजलं होतं. पण पोरानं आनलं, तं पेरा लागते."